एका चुलीवरचे दोन मध्यस्थ

गिरिधरराव लांजेवारांनी तो निर्णय जेवता जेवता घेतला, हेच मुळात चुकलं. भरल्या पोटी माणसाला आपण फार न्यायी आहोत असं वाटू लागतं.

गिरिधरराव दिवसा नागपूरच्या गांधीबागेतल्या एका कापडाच्या पेढीवर दिवाणजी होते आणि संध्याकाळी घरांची दलाली करत. 'दलाल' हा शब्द मात्र त्यांना सोसत नसे. म्हणून महाल भागातल्या आपल्या दारावर त्यांनी 'घर-जागा मध्यस्थ' अशी पाटी रंगवून घेतली होती. (रंगाऱ्यानं शेवटचा 'स्थ' इतका बारीक काढला, की लोक आत येऊन विचारत, "मध्य प्रदेशातल्या जागा इथंच मिळतात का?") याशिवाय त्यांचा तिसरा एक धंदा होता, तो म्हणजे काळजी करण्याचा. तिन्हींत तोच काय तो तेजीत होता.

चौऱ्याहत्तर सालच्या फाल्गुनात त्यांच्याकडे एकाच आठवड्यात दोन गिऱ्हाइकं आली. पहिल्या सिंधूताई. मुलींच्या एका शाळेच्या निवृत्त हेडमास्तरीण. रेशीमबागेत त्यांचं टुमदार घर होतं, ते विकून त्यांना पुण्याला भाचीकडे जायचं होतं, कारण डोळे अधू झाले होते आणि एकटीनं राहणं आता जमत नव्हतं. दुसरे रुपराव. रामटेककडे त्यांची भाताची गिरणी होती. पोरांना शिकवायला नागपुरात घर हवं होतं. गिरिधररावांनी रुपरावांना आणि त्यांच्या बायकोला, कौसल्याबाईंना, सिंधूताईंचं घर दाखवलं आणि ते त्यांना आवडलं.

दुसरा कोणी असता तर त्यानं गणपतीला नारळ फोडला असता. गिरिधररावांच्या छातीत जळजळ सुरू झाली. कारण आता दोन्हीकडची माणसं विश्वासानं मनातलं त्यांनाच सांगणार. विकणारा डाव्या कानात सांगणार, घेणारा उजव्या, आणि एक दिवस ही दोन्ही गुपितं डोक्याच्या मध्यभागी एकमेकांना भेटणार! मागच्याच वर्षी सदर भागातल्या एका बंगल्याच्या सौद्यात त्यांनी दोघांचंही मनापासून भलं केलं होतं. सौदा झाल्यावर घेणाऱ्याची खात्री पटली की लांजेवार विकणाऱ्याचा माणूस, आणि विकणाऱ्याची खात्री पटली की तो घेणाऱ्याचा. दोन्ही घरून दिवाळीचा फराळ येणं बंद झालं. एवढ्या एका मुद्द्यावर मात्र त्या दोघांचं एकमत होतं.

ओळखीच्या एका वकिलाला त्यांनी विचारलं. वकील म्हणाले, "लांजेवार, एकाच खटल्यात मी फिर्यादीचा वकील आणि आरोपीचाही मीच, असं चालेल का?"

"नाही चालणार."

"मग?"

वकिलांनी फी घेतली नाही, पण तो 'मग?' गिरिधररावांबरोबर घरापर्यंत आला आणि पाटावर शेजारी येऊन बसला. वरणभाताचा तिसरा घास घेताना त्यांना तोड सुचली.

"प्रेमिला, सिंधूताईंची बाजू तू घे."

प्रेमिलाबाईंची पळी वरणात थांबली. "काहून? कोणाशी भांडण झालं त्यायचं?"

"भांडण नाही वं. घराचा सौदा. रुपरावचा मध्यस्थ मी, त्यायची मध्यस्थ तू. म्हणजे कोणी म्हणायले नको का लांजेवार दोन्हीकडून खाते."

"मले काय समजते त्याच्यातलं?"

"समजाचं काय हाय त्यात? त्यायचं गुपित माझ्यापासून लपवाचं अन् त्यायचा फायदा पाहाचा."

"इतलंच?" प्रेमिलाबाईंनी वरण वाढलं. "लपवाचं तर मी लग्न झाल्यापासून करूनच राहिली."

गिरिधरराव मोठ्यानं हसले. त्यांची कल्पना अशी की बायको नावापुरती, सौदा काय तो आपणच दोन्ही डोक्यांनी विचार करून जमवू. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली. पुढचे बरेच दिवस ती आठवणीतच राहायची होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घराची वाटणी केली. बैठकीची खोली रुपरावांच्या कामाची, स्वयंपाकघर सिंधूताईंच्या. मधल्या दाराला जुन्या लुगड्याचा पडदा. सौद्याबद्दल नवराबायकोनं आपापसात चकार शब्द काढायचा नाही. नियम त्यांचाच होता, त्यामुळे त्याचा पहिला फटकाही त्यांनाच बसला. संध्याकाळी सायकल हाणत ते घामाघूम होऊन आले, तर स्वयंपाकघरात सिंधूताई बसलेल्या.

"अवं, पाणी दे."

"आत येऊ नका," पडद्याआडून आवाज आला. "आमचं बोलणं चालू हाय."

पडद्यातून एक हात बाहेर आला. हातात तांब्या होता. गिरिधररावांनी तांब्या घेतला तसा हात आत गेला. स्वतःच्या घरात आपण पाहुणे झालो, की गिऱ्हाईक, हे त्यांना ठरवता येईना.

सिंधूताई गेल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय म्हणत होत्या बाई?"

"नियम कोणी केला?"

"तो नियम बरोबर हाय, पण मले सांगाले काय हरकत?"

"तुम्ही समोरच्या पार्टीचे." प्रेमिलाबाई पोळ्या लाटत म्हणाल्या.

समोरची पार्टी त्या रात्री एकाच छताखाली, एकाच पंख्याच्या वाऱ्यात, डोळे उघडे ठेवून पडून राहिली.

बायको नावापुरती उरली नव्हती. ती दुपारी रिक्षा करून रेशीमबागेत जाऊन आली. गच्चीवर चढली, विहिरीत डोकावली, शेजारणींशी बोलली. आपण इतक्या वर्षांत एकाही घराच्या विहिरीत डोकावलो नाही, हे गिरिधररावांच्या लक्षात आलं आणि जळजळ वाढली.

त्यातच रुपराव गुपित सांगायला आले. रुपरावांचा जन्म गिरणीच्या घरघराटात गेलेला. त्यामुळे त्यांची कुजबुज म्हणजे इतरांची हाक.

"लांजेवार भाऊ," ते कुजबुजले, आणि रस्त्यावरचा एक सायकलवाला थांबून मागं बघू लागला. "कानात सांगतो. कोणाले बोलाचं नाही."

पडद्यापलीकडे भांडी वाजायची थांबली. गिरिधररावांनी रुपरावांचा दंड धरला आणि त्यांना रस्त्यावर नेलं. तिथं लोक होते म्हणून कोपऱ्यावर नेलं, आणि कोपऱ्यावरचा पानवाला ओळखीचा म्हणून पार शुक्रवारी तलावाच्या काठावर नेलं.

"कौसल्या म्हणते, हेच घर पाह्यजे," रुपराव म्हणाले. तलावातले दोन बगळे उडाले. "आमच्याकडं चार जावांची एक चूल. इथं ते सैपाकघराच्या खिडकीपाशी उभी राह्यली अन् म्हणे, इथं माझी मी राहीन. दुसरं घर दाखवाल तर मी पाहायलेही येणार नाही. आता हे त्या मास्तरीणबाईले कळलं का संपलंच ना गा! ते म्हणन त्या भावात घ्या लागन."

"माझ्या तोंडून निघणार नाही," गिरिधररावांनी तलावाकडे पाहून शपथ घेतली.

तोंडून निघालं ते दुसऱ्याच दिवशी, आणि तेही वडाभातावर. वडाभात म्हणजे गिरिधररावांचा प्राण. गरम भातावर कुस्करलेला वडा, वर हिंगाची कडकडीत फोडणी. प्रेमिलाबाईंनी दुसऱ्यांदा फोडणी ओतली आणि म्हणाल्या, "कौसल्याबाईले सैपाकघर नसन आवडलं. लहान हाय."

"नसन आवडलं?" गिरिधररावांचा घास तोंडात, डोळे मिटलेले. "अवं, त्या खिडकीसाठी तर ते बाई जीव टाकून..."

त्यांनी डोळे उघडले. घास गिळला. तो वडाभात आहे की माती, हे त्यांना कळलं नाही.

"मी काही बोललो का आत्ता?"

"मी काही ऐकलं नाही," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "भात देऊ?"

ऐकलं नाही म्हणजे खरंच ऐकलं नाही, की ऐकून ठेवलं? बावीस वर्षांच्या संसारात त्यांना बायकोच्या 'नाही'चा अर्थ लागला नव्हता, तो आता या जळजळीत काय लागणार! आपण रुपरावांना बुडवलं, असं समजून ते पेढीवर गेले आणि तिथं लट्ठ्याच्या गिऱ्हाइकाच्या नावावर पॉपलीन लिहून आले.

आता आपल्या पक्षाचं काहीतरी भलं केलंच पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यामुळे शनिवारी सिंधूताई आल्या तेव्हा ते बैठकीत रेडिओ दुरुस्त करायला बसले. (रेडिओ चांगला चालू होता. त्यांनी तो आधी उघडला आणि मग बंद पाडला.) पडद्याआडून तुकडे तुकडे ऐकू येऊ लागले.

"सदाशिवचं काय करायचं, हेच मला कळत नाही, प्रेमिला."

"संगं नाही नेता येत त्याले?"

"पुण्याला? भाचीच्या दोन खोल्यांत? काहीतरीच! आणि तो यायचाही नाही."

गिरिधररावांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर थांबला. सदाशिव? कोण सदाशिव?

"रोज पहाटे येतो," सिंधूताई सांगत होत्या. "मी हातानं भरवल्याशिवाय हलत नाही. एकदा मला उठायला उशीर झाला, तर दारात असा काही तमाशा केला की सगळी गल्ली जागी झाली."

"म्हंजे गल्लीतल्या लोकायले माहीत हाय?"

"सगळ्यांना. पण घर पाहायला येणाऱ्यांना सांगू नका, अशी मीच विनवणी केली आहे. दिसायला दांडगा आहे गं, पण स्वभावानं फार गरीब. माझ्यामागं त्याचं कोण करील? तो तर ते घर सोडणार नाही. आणि हे घेणाऱ्याला आधी कळलं तर घर कोण घेईल?"

इथं गिरिधररावांच्या मांडीवरून रेडिओ खाली पडला. पडदा बाजूला झाला आणि चष्म्याच्या जाड भिंगांतून सिंधूताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. शाळेत कॉपी करताना सापडल्यासारखे ते उठले, "दुकानातून सेल आणतो," म्हणाले आणि चपला न घालताच बाहेर पडले. पुढचं बोलणं त्यांच्या कानावर पडलंच नाही.

अनवाणी चालता चालता त्यांना घाम फुटला. अशा वयात, अशा करारी बाई! पण तो त्यांचा खाजगी मामला. मध्यस्थाला छळत होती ती वेगळीच गोष्ट. सदाशिव घर सोडणार नाही, म्हणजे रात्री कुठंही असला तरी हा राहतो इथंच. भाडेकरू! कायद्यानं भाडेकरूला हात लावता येत नाही. रुपराव पैसे मोजतील, रजिस्ट्री होईल, कौसल्याबाई आपल्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहतील, आणि स्वयंपाकघरात हा सदाशिव मांडी ठोकून बसलेला असेल, भरवा म्हणून! हे रुपरावांना सांगणं त्यांचं कर्तव्य होतं. पण सांगायचं तर बायकोच्या गिऱ्हाइकाचं बोलणं चोरून ऐकलं, हेही सांगावं लागणार. त्यांनी ओळखीतले सगळे सदाशिव आठवून पाहिले. इतवारीतला सदाशिव काडीसारखा हडकुळा होता. दांडगा असा एकही सदाशिव सापडला नाही.

रविवारी रात्री प्रेमिलाबाईंनी जाहीर केलं, "समोरच्या पार्टीले निरोप हाय. उद्या सूर्य निघाच्या टायमाले रुपरावभाऊले अन् कौसल्याबाईले घरावर येऊ द्या. बाईची इच्छा हाय."

"इतक्या सकाळी काहून?"

"आल्यावर दिसन."

गिरिधररावांना डाव लख्ख दिसला. पहाटे येणारा सदाशिव खाऊनपिऊन निघून गेला की मग रिकामं घर दाखवायचं. त्यांनी रुपरावांना निरोप पोचवला आणि मनाशी ठरवलं, आपण त्याआधी तिथं पोचायचं आणि सदाशिवाला समक्ष गाठायचं.

फटफटायच्या आधीच ते उठले. स्वयंपाकघरात डबाभर सांबारवड्या करून ठेवलेल्या होत्या. (आमच्या गावात कोथिंबिरीला सांबार म्हणतात.) रिकाम्या पोटी भाडेकरूशी बोलणं बरं नव्हे, म्हणून त्यांनी मूठभर वड्या कागदात गुंडाळून खिशात कोंबल्या आणि सायकल काढली.

रेशीमबागेत सामसूम होती. सिंधूताईंच्या फाटकासमोर कडुनिंबाखाली त्यांनी सायकल लावली आणि खोडाआड उभं राहून काय बोलायचं याची मनातल्या मनात उजळणी केली. इतक्यात मागं कोणीतरी येऊन उभं राहिल्याचं त्यांना जाणवलं. जड पावलं, आणि जड श्वास.

गिरिधररावांना पळावंसं वाटलं, पण ते मध्यस्थ होते. मागं न वळता, शक्य तितक्या अदबीनं ते म्हणाले, "सदाशिवराव, रागावू नका. आपल्याशी दोन शब्द बोलायचे होते. समजुतीनं घेतलं तर सगळ्यांचीच सोय होईल."

उत्तरादाखल मानेवर गरम गरम फुंकर आली. मग काहीतरी खरखरीत आणि ओलं त्यांच्या कानामागून फिरलं.

ते वळले. समोर दोन शिंगं होती, आणि शिंगांच्या मागं, पांढराधोट, भिंतीएवढा सांड.

त्यानंतर फाटक कसं उघडलं, आवार कसं ओलांडलं, आणि विहिरीशेजारच्या माणूसभर उंचीच्या सिमेंटच्या टाकीवर आपण कसे चढलो, हे त्यांना पुढं कधीच नीट सांगता आलं नाही. सांड सावकाश चालत मागं आला आणि टाकीखाली उभा राहून त्यांच्या खिशाकडे बघू लागला. गिरिधररावांनी एक सांबारवडी खाली टाकली. सांडानं ती खाल्ली आणि पुन्हा वर पाहिलं. त्यांनी दुसरी टाकली. वड्या संपत आल्या तेव्हा घराचं दार उघडलं आणि हातात भाकरी घेऊन सिंधूताई बाहेर आल्या.

"सदाशिव, आज आत कसा रे आलास?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा पुसून वर पाहिलं. "लांजेवार, खाली उतरा."

"बाई, तो जरा बाजूला..."

"तो मी सांगितल्याशिवाय काही करत नाही. तुमचं तसं दिसत नाही."

त्याच वेळी फाटकाशी दोन रिक्षा थांबल्या. एकीतून रुपराव आणि कौसल्याबाई उतरले, दुसरीतून वड्यांचा डबा घेतलेल्या प्रेमिलाबाई. तिघांनी आधी सांडाकडे पाहिलं, मग टाकीकडे.

"काय गा लांजेवार!" रुपरावांच्या आवाजानं कडुनिंबावरचे कावळे उठले. "तुम्ही तर माझ्याकडचे ना? मग अंधारात यायच्या टाकीवर काय करून राहिले?"

"म्हणजे तुम्ही यांना पाठवलं नाही?" सिंधूताईंनी विचारलं. "मला वाटलं, तुमच्या सांगण्यावरून पाळत ठेवायला आले."

"मी काहून पाठवू? मले तर वाटलं, तुम्ही अन् हे मिळून हे जनावर लपवून राहिले."

दोघांनी एकदमच वर पाहिलं. बाई म्हणत होत्या रुपरावांचा माणूस, रुपराव म्हणत होते बाईंचा माणूस. ज्याच्या धास्तीनं घराची वाटणी केली, पडदा लावला, पाणी तांब्यानं मागून प्यायलं, नेमकं तेच झालं होतं. फक्त ते टाकीवर होईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"जमत नसन तर राहू द्या," रुपराव बायकोला म्हणाले. "चल वं. ज्या सौद्यात माणूस कोणाचा ते कळत नाही, तो सौदा मले नाही पाह्यजे."

कौसल्याबाई हलल्या नाहीत. त्या घराच्या खिडकीकडे बघत होत्या.

"भाऊ, थांबा," प्रेमिलाबाई पुढं झाल्या. "लपवाचं असतं तर तुमाले या टायमाले बोलावलं असतं का? दुपारी नसतं बोलावलं? बाई, तुम्हीच सांगा आता."

जन्मभर वर्गासमोर उभ्या राहिलेल्या सिंधूताईंना त्या सकाळी शब्द सापडेनात. त्या भाकरीकडे बघून बोलू लागल्या.

"हा सदाशिव. वासरू असताना कुणीतरी देवाच्या नावानं सोडला, तो माझ्या फाटकाशी पाय दुखावून पडला होता. तेव्हापासून रोज पहाटे येतो. भाकरी खातो आणि जातो. मिळाली नाही तर फाटक बिजागरीतून उचलतो. मोडत नाही, उचलून बाजूला ठेवतो. मी तुम्हाला हे सांगणार नव्हते. खरं बोला, म्हणून पोरींच्या हातावर छड्या मारल्या मी, आणि आता..." त्यांनी चष्मा पुन्हा पुसला. "पण शनिवारी प्रेमिला म्हणाली, न सांगता विकायचं असेल तर दुसरी मध्यस्थ बघा."

गिरिधररावांनी टाकीवरून बायकोकडे पाहिलं. रेडिओ पडल्यामुळं जे ऐकायचं राहिलं होतं, ते हे होतं.

"बाईची बाजू घेतली म्हणून त्यायच्यासाठी खोटं नाही बोलता येत," प्रेमिलाबाई जरा लाजून म्हणाल्या. "लपवून घर विकलं असतं तर पुण्यात बाईले झोप आली नसती. रोज पहाटे उठून बसल्या असत्या."

रुपरावांचा आवाज खाली आला, म्हणजे साधारण माणसाइतका झाला. "ते समजलं. पण हे वर काहून चढले?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मी चोरून ऐकलं," गिरिधरराव म्हणाले. "अर्धंच ऐकलं. मले वाटलं, सदाशिव म्हणजे माणूस."

सिंधूताईंनी चष्मा नाकावर नीट बसवला.

"कोण माणूस?" सिंधूताईंनी विचारलं. या आवाजासमोर नागपुरातल्या कित्येक पिढ्या उभ्या राहून रडल्या असतील.

"भाडेकरू!" गिरिधरराव घाईघाईनं म्हणाले. (त्याआधी त्यांना आणखीही काही वाटलं होतं. ते त्यांनी आजतागायत कोणाला सांगितलेलं नाही. या सबंध सौद्यात त्यांना राखता आलेलं ते एकमेव गुपित.)

आधी हसल्या त्या कौसल्याबाई. पदर तोंडात कोंबून त्या हसू लागल्या, मग पदर सुटला. मग रुपराव हसले, आणि गल्लीतल्या उरलेल्या घरांचीही दारं उघडली. शेवटी सिंधूताईंनाही हसू आवरेना. "भाडेकरू!" त्या सदाशिवाच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या. "मग भाडं नको का द्यायला, गाढवा?"

हसण्याच्या भरात कौसल्याबाई बोलून गेल्या, "बाई, सांड असो का हत्ती असो, मले हेच घर पाह्यजे!"

रुपरावांनी डोळे मिटून घेतले.

"ते मला त्याच दिवशी कळलं होतं," सिंधूताई म्हणाल्या. "तुम्ही खिडकीशी उभ्या होतात तेव्हा. पोरींचे चेहरे वाचण्यातच आयुष्य गेलं माझं. म्हणून तर भाव वाढवला नाही. ज्याला घर हवंसं वाटतं, त्यालाच ते द्यावं."

म्हणजे ज्या गुपितापायी गिरिधररावांनी तलावाच्या काठावर शपथ घेतली आणि वडाभाताची माती करून घेतली, ते पहिल्या दिवसापासून समोर उघडंच होतं. "अन् वडाभातावर मी जे बोललो..." त्यांनी वरूनच बायकोला विचारलं.

"ते मी बायको म्हणून ऐकलं होतं," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "बाईले नाही सांगितलं. आता उतरा खाली, लोक पाहून राहिले."

कौसल्याबाईंनी सिंधूताईंच्या हातून भाकरी घेऊन सदाशिवापुढे धरली. त्यानं ती हुंगली, तोंड फिरवलं आणि टाकीवरून उतरणाऱ्या गिरिधररावांच्या खिशाशी जाऊन उभा राहिला.

"नवीन हाताचं खात नाही तो," सिंधूताईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी गिरिधररावांकडे निरखून पाहिलं. "तुमच्या हातचं मात्र खाल्लं वाटतं?"

तिथल्या तिथं ठरलं की कौसल्याबाईंची सवय होईपर्यंत रोज पहाटे सदाशिवाला लांजेवारांनी भरवायचं. या एका अटीवर दोन्ही पक्षांचं विनातक्रार एकमत झालं. गिरिधररावांना कोणी विचारलं नाही.

रजिस्ट्री झाली. सिंधूताई पुण्याला गेल्या. घर सोडताना त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते त्यांनी पहाटेच सदाशिवाच्या मानेवर सांडून टाकलं होतं. रुपरावांनी आणि सिंधूताईंनी आपापली दलाली पाकिटात घालून प्रेमिलाबाईंच्या हातात दिली.

आणि गिरिधरराव रोज पहाटे सायकलवर रेशीमबागेत जाऊ लागले. कौसल्याबाई त्यांच्या हातात भाकरी देत, ते ती सदाशिवाला देत. पहिल्या आठवड्यात ते भाकरी हात लांब करून, तोंड फिरवून धरत. दुसऱ्या आठवड्यात त्यांना मजा वाटू लागली. छातीतली जळजळ थांबली. इथं कोणी कोणापासून काही लपवत नव्हतं, आणि दोघांनाही ते आपलेच वाटत होते. पेढीवर ते सगळ्यांना सांगू लागले, "सध्या एका कामात दोन्ही पक्षांचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे."

चैत्र उतरत आला तेव्हा एका पहाटे त्यांची सायकल पंक्चर झाली. आज फाटक जाग्यावर राहत नाही, या काळजीनं सायकल ढकलत, धापा टाकत ते गल्लीत शिरले. फाटक जाग्यावर होतं. त्यापाशी कौसल्याबाई उभ्या होत्या. एका हातानं त्या भाकरी भरवत होत्या, दुसरा हात सदाशिवाच्या कपाळावर होता, आणि चार जावांपैकी धाकटीबद्दल त्या त्याला काहीतरी सांगत होत्या. सदाशिव डोळे मिटून खात होता, ऐकत होता.

गिरिधरराव खाकरले. सदाशिवानं एक डोळा उघडला, त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

"लांजेवार भाऊ!" कौसल्याबाई म्हणाल्या. "काहून इतका त्रास घेतला तुम्ही? आमचं आमचं जमलं ना आता!"

दोन्ही पक्षांनी मध्यस्थाला वगळून परस्पर जमवून घेतलं होतं. माणसांकडून हे गिरिधररावांनी धंद्यात कित्येकदा सोसलं होतं. सांडाकडून पहिल्यांदाच.